मापाची कबर

कृपादान ओहोळ माणूस म्हणून चांगले, पाळक म्हणून त्याहून चांगले. फक्त एखादी गोष्ट आवडली की ती चारचौघांना सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. माळखडकी त्यांना आवडली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

माळखडकी पारनेर तालुक्यात. उघड्याबोडक्या माळावर थोडी घरं, बुधवारचा बाजार, चावडी, गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याचं बुटकं चर्च. झाडं म्हणाल तर बाभळी आणि निवडुंग. पाऊस यायचा तो वाट चुकल्यासारखा यायचा आणि चूक लक्षात आली की निघून जायचा. आसपासच्या गावांत म्हणत की माळखडकीत पोरगी देण्यापेक्षा ती विहिरीत ढकलावी. त्यावर माळखडकीचेच लोक हसून सांगत, ढकला बापडे, पण विहीर तुमच्या गावची बघा. आमच्या विहिरीत बुडण्याइतकं पाणी नसतं.

अशा गावी कृपादान एक्केचाळीस साली नगरहून आले. नगरला त्यांचं चर्च छावणीच्या रस्त्यावर होतं. लढाई सुरू झाल्यापासून त्या रस्त्यानं लष्करी ट्रक आणि रणगाडे जात, आणि उपदेशातली निम्मी वाक्यं त्या खडखडाटात बुडत. चर्चच्या आतला खडखडाट वेगळाच. पुढच्या बाकावर कोणी बसायचं, नाताळात पेटी कोणाच्या सुनेनं वाजवायची, यावरून पंचमंडळीत वर्षभर धुसफूस चाले. कृपादानांची झोप उडाली, खोकला जडला. "मला कुठंतरी लांब टाका," असं त्यांनी आपण होऊन वरच्या मंडळींना सांगितलं. माळखडकीला जायला कोणी तयार नव्हतंच. वरच्यांनी ती आनंदानं त्यांच्या पदरात घातली.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं. समोर आभाळाला टेकेपर्यंत काहीच नव्हतं. ते काहीच नसणं बघून या उंच्यापुऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात खोकला गेला. बाजरीची भाकरी आणि खर्डा यांच्यापुढं त्यांना नगरचा पुलाव फिका वाटू लागला. इथली माणसं कामापुरतं बोलत. मंडळीचे वडील याकोब भेटायला येत, ओट्यावर बसत, माळाकडं बघत आणि उठून जात; ही झाली भेट. कृपादानांना अशी भेट नगरच्या दहा सभांपेक्षा मोलाची वाटे. ते उपदेशात सांगत, "मोशे रानात, एलिया रानात, योहान रानात. देवाला माणसाशी बोलायचं असलं की तो त्याला आधी कोरड्या रानात नेतो." मंडळी माना डोलवी. देवानं जरा कमी बोलावं आणि जास्त पाडावं असं त्यांच्या मनात येत असेलही, पण कोणी बोलून दाखवलं नाही.

आणि एक वाक्य तर त्यांच्या तोंडी बसूनच गेलं होतं: "आता माझी हाडं इथंच." ते त्यांनी उपदेशात म्हटलं, बाजारात कासाराला म्हटलं, नगरच्या वार्षिक सभेत तर दरसाल उभं राहून म्हटलं.

दीनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहिलं वर्ष रडून काढलं, एवढं त्यांना माहीत होतं. पुढं ते रडणं थांबलं, हेही लक्षात आलं होतं. का थांबलं, ते त्यांनी विचारलं नाही. मुलगी मेरी नगरला शाळेत शिकवायची; तेव्हा बाईंचा जीव नगरलाच टांगलेला असणार, हे त्यांनी बायकोच्या वतीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि पावसाळ्याच्या शेवटी नगरहून सांगावा आला. शहरातल्या मोठ्या चर्चचे म्हातारे पाळक निवृत्त झाले होते, त्या जागी ओहोळांनी यावं. रविवारी पंचमंडळीतले प्रभुदास उजागरे उत्तर न्यायला स्वतः येणार होते. मोठं चर्च, मोठा बंगला, मोठा मान. कृपादानांना क्षणभरही मोह झाला नाही. ते नाही म्हणणार होते आणि साध्या बोलण्यात नाही, तर भर उपासनेत, व्यासपीठावरून. त्या नकाराचं भाषण घोकत शनिवारी दुपारी ते माळावर फिरायला निघाले. हातवारे करत, मोठ्यानं बोलत ते कबरस्थानाच्या टेकाडापाशी पोचले आणि टिकावाचा आवाज ऐकून थबकले.

याकोब आणि त्यांचा भाऊ छगन कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून खणत होते.

कृपादान लगबगीनं पुढं झाले. मंडळीतलं कोणी गेलं आणि पाळकाला पत्ता नाही! "याकोबदादा, कोण गेलं?"

"सलाम साहेब. कोन न्हाई गेलं," याकोब कपाळ पुसत म्हणाले. "पाऊस सरला न्हवं का? आता मुरूम मऊ हाय. म्हनून खणून ठिवतोय."

"कबर? खणून ठेवताय?"

"दरसालच्याला ठिवतो की. तुमी या टायमाला नगरला सभेला असता, म्हनून तुमास्नी दिसलं न्हाई."

यंदा सभा पुढं गेली होती, ते खरं. आणि हेही खरं की माळखडकीत कोणीही गेलं तरी कबर लगेच तयार असे. ती कधी खणली, हे विचारायची वेळ पाळकांवर आली नव्हती. उलट मंडळीच्या तत्परतेबद्दल एकदा त्यांनी व्यासपीठावरून जाहीर कौतुक केलं होतं.

"चैत-वैशाखात हितं पहार मारली तर ठिणगी उडती," याकोब सांगू लागले. "माजा आजा वैशाखात गेला. रातंदिस खणत हुती मानसं, आन् वर उन्हात मढं ठिवल्यालं. नगं ते हाल, साहेब. तवापासनं ज्याचं वय झालं त्याची पावसाळा सरताना खणायची, फरश्या टाकून, काट्या लावून झाकायची. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या मापाची. ही झुंबरबाईची तर लई जुनी हाय. दरसाल साफ करतो."

तेव्हा कुठं कृपादानांना झुंबरबाई दिसली. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडात मिश्रीचं बोट, स्वतःच्या कबरीच्या काठावर आत पाय सोडून ऐसपैस बसली होती.

"पोरं लई चेंगट हायती," ती म्हणाली. "कोपऱ्यातला गाळ तसाच ऱ्हायला बघा. मी काय गाळात निजू व्हय?"

कृपादानांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी नजर वळवली ती याकोब उभे होते त्या खड्ड्यावर पडली. तो लांब होता. एवढ्या लांबीचा माणूस या वस्तीत कोण, असा विचार त्यांनी केला. मग त्यांच्या लक्षात आलं की चर्चच्या दारातून आत जाताना वाकावं लागतं, असा माळखडकीत एकच माणूस आहे.

"ही... ही कोणाची?"

दोघे भाऊ एकमेकांकडं बघून लाजले. खरंच लाजले.

"सांग की रं," झुंबरबाईनं दटावलं. "चोरी केलीस का काय?"

"तुमचीच की साहेब," याकोब म्हणाले.

वारा चालू होता, पण अंगाला लागेना. कोणी चारचौघांत थोबाडीत मारावी तसे कृपादान उभे राहिले. याकोबांना वाटलं, साहेबांना गहिवर आला.

"याच्याआदी कुन्या पाळकाची खणली न्हाई आमी," ते म्हणाले. "आले, ऱ्हायले, गेले. पावन्याची कशापायी खणायची? पर तुमी म्हनलात, माजी हाडं हितंच. मंडळीनं ठरावलं, साहेब आता आपलं झालं. तुमास्नी उद्या उपासना झाल्यावर दाखवनार हुतो. आता बघितलीच हाय तर उतरून बघा की जरा. खांद्यात आवळती का काय ते कळंल."

"नको," कृपादान म्हणाले. तो आवाज आपला आहे हे त्यांना पटेना. "नको, नको."

मागं सरता सरता त्यांचा पाय दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर गेला. ती कबर लांब कबरीला लागूनच होती, आखूड, नीट घोटून काढलेली.

"आन् ही बाईंची," छगन म्हणाला.

"कोणत्या बाईंची?"

"आपल्या बाईंची, साहेब. दीनाबाईंची. मापं त्यांनीच दिली की, दोन्हीबी. सुतळीला गाठी मारून आनून दिली. आन् सोता उतरून, निजून बघितलं. म्हनल्या, उशाकडनं जरा खोल घ्या."

यानंतर पाळक काय बोलले, टेकाड कसं उतरले, काही त्यांना सांगता आलं नसतं. भाषण तर डोक्यातून पार पुसून गेलं. मनात एकच चित्र: दीना त्या मुरमात उताणी निजली आहे, डोळे उघडे, आणि खणणाऱ्यांना सांगते आहे की उशाकडनं जरा खोल घ्या.

घरी दीनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. नवरा दारात येऊन उभा राहिला, वाकायचं विसरला आणि चौकटीवर कपाळ आपटलं, तरी त्याला कळलं नाही. बाईंनी मान वर केली.

"काय झालं?"

"तू कबरीत निजलीस?"

"कळलं का?" त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. "याकोबदादा उद्या दाखवणार होते. त्यांचा हिरमोड झाला असेल."

"दीना, तू जिवंत माणूस, जाऊन कबरीत निजतेस! मला न सांगता! माझं माप देतेस! माझं!"

"तुमचं माप मी नाही देणार तर कोण देईल? झोपलात तेव्हा घेतलं." बाईंनाच आता नवल वाटू लागलं होतं. "अहो, तुम्हीच नाही का सगळ्या दुनियेला सांगत, माझी हाडं इथंच? मी म्हटलं, तुमची इथं तर माझीही इथंच. त्यात न सांगण्यासारखं काय होतं?"

"पण तुला तर नगरला जायचं होतं."

"मी कधी म्हटलं?"

कृपादान आठवू लागले. आठवून आठवून थकले. ती तसं कधीच म्हणाली नव्हती.

"पहिल्या वर्षी म्हटलं असतं," दीनाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "तेव्हा कोणी विचारलं नाही. मग तुम्ही सभेला गेलात आणि मला विषमज्वर झाला. पाऊस त्या साली आलाच नव्हता. तुम्हाला कळवायला निघाले होते लोक, मीच नको म्हटलं. गावातल्या रतनबाई तुम्हाला माहीत आहेत ना, मळ्यातल्या? त्यांची म्हैस तहानेनं हंबरत होती, पण घरातली घागर त्या मला पाठवत होत्या. आणि झुंबरबाई दिवसरात्र उशाशी. एके दिवशी मी फार भ्याले. त्या म्हणाल्या, 'भिऊ नगस. मेलीस तर माज्या कबरीत ठिवू तुला. ती तयार हाय. मी दुसरी खणून घीन.'" बाईंनी चुलीत काटकी सारली. "माझ्यासाठी आयुष्यात एवढं कोणी कधी केलं नाही हो. तुम्ही सभेहून आलात, 'बरी आहेस ना' म्हणालात, मी 'बरी आहे' म्हटलं. त्या दिवसापासून हे गाव माझं झालं."

हे ऐकून कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. कृपादान घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस खरं बोलून जातो.

"पण आपली जागा नगरला आहे ना!" ते म्हणाले. "बाबांच्या शेजारी. मी ती केव्हाच राखून ठेवली आहे. माळखडकीला यायच्या आधीच."

तव्यावरची भाकरी करपू लागली. बाईंनी ती काढली नाही.

"राखून ठेवलीत?"

"हो. म्हणजे, आपलं घराण्याचं..."

"मग इथं सगळ्यांना काय सांगत होतात?"

"ते मी मनापासून सांगत होतो," कृपादान म्हणाले. आणि गंमत अशी, की ते खरोखरच मनापासून सांगत होते. माळावर राहायचं, माळावर उपदेश करायचा, माळावरची भाकरी खायची, हे सगळं मनापासून. फक्त शेवटी कोणीतरी आपल्याला उचलून नगरला नेईल आणि लिंबाच्या सावलीत बाबांच्या शेजारी ठेवील, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्याचा कधी विचारही करावा लागला नव्हता. आज खड्डा बघितल्यावर तो करावा लागला.

दीनाबाईंनी पिठाचे हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "आणि माझी?"

"काय?"

"माझी जागा. बाबांच्या शेजारी तुमची. माझी कुठं राखलीत?"

बाबांच्या एका अंगाला भिंत होती, दुसऱ्या अंगाला एकच जागा. ती राखताना दीनाचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. लग्न झालं, मुलगी झाली, ती वाढली, शिकली, नोकरीला लागली, आणि तरी शिवला नव्हता. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"एकच होती," ते कसंबसं म्हणाले.

बाईंनी करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. कृपादानांना वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला नगरला जायचं असेल तर हो म्हणा त्या प्रभुदासांना," त्या म्हणाल्या. "मी येईन. बायको आहे, जिवंत आहे तोवर तुमच्यामागं येईन. पण मेल्यावर मला इथं आणायचं. मी याकोबदादांना तसं सांगून ठेवणार आहे."

ते दोघं जेवायला बसले, पण जेवलं कोणीच नाही.

रविवारी प्रभुदास उजागरे आले ते ओळखू येऊ नयेत असे आले. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं तोंड काळं केलं होतं आणि मोटार थांबली तिथून पुढच्या बैलगाडीनं त्यावर माती चढवली होती. चर्च भरलं होतं. पुरुष एका अंगाला, बाया एका अंगाला. याकोब नवा फेटा बांधून पुढं. उपासना संपवून सगळ्यांना टेकाडावर न्यायचा त्यांचा बेत अजून कायम होता. कृपादान व्यासपीठावर चढले. त्यांचे डोळे सुजले होते, पण मनाशी ठरलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दीना या मुरमात एकटी निजणार, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. एकदा ठरल्यावर मात्र त्यांच्या आवाजाला जुनं पाणी चढलं.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "मला मोठ्या चर्चचं बोलावणं आहे. मी जाणार नाही. आणि आज मी तुमच्यापुढं एक कबुली देतो. माझी हाडं इथंच, असं मी म्हणत होतो, आणि नगरला वडिलांच्या शेजारी माझी जागा राखून ठेवली होती."

याकोबांनी मान खाली घातली. ती अशी खाली गेली की कृपादानांना पुढचं बोलवेना. पण ते बोलले.

"ती जागा मी आज सोडतो!" त्यांनी हात उंचावला. "वडिलांच्या शेजारची जागा सोडणं सोपं नाही. पण सोडतो! प्रभुदासराव, नगरच्या पंचमंडळींना माझा हा निरोप द्या, की कृपादान ओहोळानं आपली जागा सोडली!"

सगळ्यांनी प्रभुदासांकडं पाहिलं. प्रभुदास उठले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, त्यामुळं काळं आणखी पसरलं.

"ओहोळसाहेब," ते चाचरत म्हणाले, "हे आपण बाहेर बोललो तर?"

"नाही! इथंच, मंडळीच्या देखत!"

"त्याचं असं आहे... ती जागा दिली."

"दिली म्हणजे?"

"गेल्या पावसाळ्यात. पंचमंडळीतल्या एकांच्या सासूबाई वारल्या. तिथं जागेची टंचाई, तुम्हाला ठाऊकच आहे. आणि तुम्ही दरसाल सभेत सांगत होता, माझी हाडं माळखडकीत. आम्ही म्हटलं, एवढा माणूस उभा राहून देवासमक्ष सांगतोय, त्याला आता इथली जागा कशाला? सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. तुम्हाला कळवायचं तेवढं राहून गेलं."

कृपादानांचा वर गेलेला हात तसाच राहिला. खाली कसा आणायचा ते त्यांना सुचेना. त्यांच्या बोलण्यावर नगरनं विश्वास ठेवला होता, माळखडकीनं ठेवला होता, घरात बायकोनं ठेवला होता. साऱ्या जिल्ह्यात ठेवला नव्हता तो एकट्या त्यांनी. आणि आता एवढं मोठं मन करून जे सोडलं, ते त्यांच्याकडं नव्हतंच.

"म्हंजी साहेबाच्या बापाशेजारी आता कुनाची तरी सासू हाय?" झुंबरबाईनं शांततेत विचारलं. "अगं बाई! काय म्हनत आसंल तो बिचारा!"

कोणी हसलं नाही. हसण्याच्या पलीकडं सगळे गेले होते. कृपादानांनी कसाबसा आशीर्वाद म्हटला. शब्द रोजचेच होते, पण दोनदा अडखळले.

बाहेर पायऱ्यांवर मंडळी घुटमळत उभी राहिली. प्रभुदासांना फार अपराधी वाटत होतं. माणूस वाईट नव्हता, घाईघाईनं तो कृपादानांजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "साहेब, झालं ते वाईट झालं. पण तुम्ही नगरला या. मी शब्द देतो, दोन जागा देऊ. शेजारी शेजारी, तुमची आणि बाईंची. नवीन भिंतीकडं चांगली सावली आहे."

दोन जागा. सावलीत. शेजारी शेजारी. आता व्यासपीठ नव्हतं, भाषण नव्हतं, आणि सोडायला या खेपेला खरंच काहीतरी होतं. याकोब फेटा सोडून हातात घेऊन उभे होते; त्यांचं तोंड उतरलं होतं. कृपादानांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हो की नाही, ते जिभेवर आलंही असेल. पण काल तिन्हीसांजेपासून दीनाचा 'आणि माझी?' हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला होता. ते वळले.

"दीना," ते म्हणाले, "तू सांग. कुठं राहायचं?"

दीनाबाईंनी आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारलं की काय म्हणून. लग्न झाल्यापासून त्यांनी कितीदा तरी घर हलवलं होतं. दर वेळी सामान बांध म्हणून सांगितलं गेलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. त्या पायरीवर मटकन बसल्या.

"मी?" त्या म्हणाल्या.

"तू."

"थांबा. मला विचार करू द्या."

आणि त्यांनी खरंच विचार केला. ऊन चढत होतं. प्रभुदास बैलगाडीकडं बघत होते. झुंबरबाई काहीतरी म्हणायला गेली, तिला सुनेनं गप्प केलं. अख्खी मंडळी पाळकीणबाईंच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"इथं," बाई शेवटी म्हणाल्या. याकोबांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "पण मेरीला भेटायला मला दर महिन्याला नगरला जायचंय. मला तिची फार आठवण येते. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही."

"जा की," कृपादान म्हणाले. "मी कुठं नाही म्हटलं होतं?"

"तुम्ही नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. बोलता बोलता त्यांचा आवाज वाढत होता, आणि त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटत होतं. "आणि सकाळी उठल्याबरोबर माळ किती सुंदर दिसतो ते मला सांगायचं नाही. मला डोळे आहेत. आणि अजून आहे."

"अजून?" पाळकांचा आवाज बारीक झाला. "किती?"

"पुष्कळ," दीनाबाई म्हणाल्या. "बसा."

कृपादान ओहोळ त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. दुपार कलली तरी बाईंचं सांगणं संपलं नव्हतं, आणि मंडळीतलं कोणीही जेवायला घरी गेलं नव्हतं.